केजेहून मुरुडास

कोकणचा प्रवास करून आलेले आमचे घाटावरील स्नेही नारळी-पोफळीच्या बागा, आंबा-फणस आणि समुद्रावरील सूर्यास्त यांची वर्णने इतक्या वेळा सांगत आले आहेत की, त्यांत आणखी भर घालण्याची आमची इच्छा नाही. दापोली तालुक्यातील मुरुड हे गाव पाहावयास आम्ही गेलो ते निराळ्याच हेतूने. हे गाव रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे जन्मस्थान होय. मागील शतकाच्या मागल्या शतकात वकिलीवरून कायदेमंडळात जाऊन बसलेले जे मोजके महाराष्ट्रीय होऊन गेले, त्यांत मंडलिकांचे नाव अग्रभागी येते. आज ते नाव मुंबईच्या कुलाब्यातील एका रस्त्याच्या पाटीवर राहिले आहे, आणि जुन्या हिंदुधर्मशास्त्राच्या खटल्यांच्या निवाड्यांत आढळते. घरोघर मात्र ते विसरले गेले आहे. ज्या मनुष्याने घरोघरच्या चालीरीती विचारून विचारून लिहून ठेवल्या, त्याचे नाव घरोघर ठाऊक नसावे ही गोष्ट आम्हांस चमत्कारिक वाटली.

केजेच्या मनुष्यास मंडलिकांची आठवण कशी व्हावी, असे कोणी विचारील. आमचे केज हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. काळी जमीन, जोंधळा, आणि धनेगावी मांजरेवर धरण असूनही उन्हाळ्यात पाण्याची ओढ. २०१६ साली हे धरण कोरडे पडले तेव्हा लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु धर्मशास्त्राच्या दृष्टीने पाहता आमचे गाव मोठ्या सुरेख जागी आहे. आग्नेयीकडे बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची कल्याणी. तेथे विक्रमादित्याच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा रचिली. वायव्येकडे गोदातीरी पैठण. तेथून रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, त्यांचे शंकरभट्ट, आणि शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ. यमुना-चंबळेच्या संगमाजवळील भरेहचा राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने नीलकंठांनी बारा मयूख लिहिले, त्यांतील एक व्यवहारमयूख. वाटणी कोणाची, वारसा कोणाचा, दत्तक कोण घ्यावा, या प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्रात आणि गुजराथेत ज्या दोन ग्रंथांवरून दिली जात, त्यांतील एकाचे माहेर आमच्या उजवीकडे आणि दुसऱ्याचे डावीकडे. लहानपणी गुरुजींपाशी याज्ञवल्क्याचा व्यवहाराध्याय वाचताना ही गोष्ट आम्हांस कोणी सांगितली नव्हती. पुढे मंडलिकांनी १८८० साली छापलेला, व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृति यांचा इंग्रजी भाषांतरासह मोठा ग्रंथ हाती आला, तेव्हा ती उमगली. ग्रंथकर्त्याचे गाव पाहण्याची इच्छा तेव्हापासूनची.

केजेहून पुण्यापर्यंतचा एस्. टी.चा प्रवास सांगण्याजोगा नाही. पुण्याहून ताम्हिणीचा घाट उतरून, माणगाव-महाड करीत आम्ही उभयता दापोलीस पोहोचलो. इंग्रजी अमदानीत येथे लष्कराची छावणी होती, म्हणून जुने लोक अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. गाव उंचावर असून हवा कोकणच्या मानाने थंड. येथेच एका वकिलाच्या घरी पांडुरंग वामन काणे लहानाचे मोठे झाले. त्यांनीही पुढे व्यवहारमयूख संपादून १९२६ साली छापला, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, राज्यसभेत बसले आणि १९६३ मध्ये भारतरत्न झाले. एकाच तालुक्याने एकाच ग्रंथाचे दोन संपादक द्यावे, आणि दोघेही वकील व दोघेही कायदेमंडळात बसलेले असावे, हा योग सहसा आढळावयाचा नाही.

दापोलीहून आसूदवरून उतरत उतरत रस्ता समुद्रास भिडतो. उत्तरेस हर्णै आणि त्याच्या समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, दक्षिणेस कर्दे, मध्ये मुरुड. गावाची रचना पाहताच ती कोणी योजून केलेली आहे हे ध्यानात येते. मध्यभागी लांबच लांब एक वाट; तिच्या दोहों अंगांस जांभ्या दगडाची जोती असलेली घरे; प्रत्येक घरामागे वाडी; वाडीत विहीर. पूर्वी पाणी रहाटाने काढीत, आता विजेच्या पंपाने. गावाचे दैवत दुर्गादेवी, तिच्या देवळातील लाकडी खांब पाहण्यासारखे आहेत. हल्ली दर दुसऱ्या घरावर ‘राहण्याची व घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी दिसते, आणि शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या मोटारींनी ती जुनी वाट भरून जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरील पोफळी हजारोंनी मोडल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरण्यास पाचसात वर्षे लागतात. त्यामुळे नव्या लागवडीच्या वाड्या अजून जुन्यांच्या मानाने विरळ भासतात.

गावाची ही आखणी कशी झाली याची माहिती आपणांस आहे, तीही मंडलिकांमुळेच. कोणा सिद्धपुरुषाने रान तोडून, सीमा ठरवून, देवालय, घरे, वाड्या, वाट यांच्या जागा नेमून हे गाव वसविले अशी परंपरा आहे. त्या वसाहतीची हकीकत सांगणारे एक जुने लिखाण मंडलिकांस मिळाले. त्यांनी त्यावर निबंध लिहून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात तो छापविला. साल १८६५ च्या आसपासचे. रावसाहेब तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचे. आपल्या गावच्या वाटा आणि वाड्या हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो हे त्या वयात सुचावे, यात त्यांच्या पुढील सर्व कामाचे बीज आहे असे आम्हांस वाटते. त्यांस वेद आणि पुराणे यांचे प्रेम होतेच. परंतु लोक प्रत्यक्ष कसे वागतात, हे कागदावर उतरविण्याचे प्रेम त्याहून थोडे अधिक होते.

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ चा. रत्नागिरीस आणि नंतर मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात शिक्षण झाल्यावर त्यांनी सरकारी नोकरी धरिली. कच्छातील कचेरी, शाळाखाते, मुन्सफी असे अनेक ठिकाणचे पाणी ते प्याले. मध्यंतरी एल्फिन्स्टनसाहेबांच्या हिंदुस्थानच्या इतिहासाचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. त्या काळी हुशार तरुणास नोकरीपलीकडे वाट नव्हती, आणि बहुतेकांस तीच पुरेशी वाटे. १८६२ मध्ये मुंबईस हायकोर्ट स्थापन झाले. मंडलिकांनी नोकरीस रामराम ठोकला, वकिलीची परीक्षा दिली आणि हायकोर्टात काम चालू केले. १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे पत्र काढले. सुरक्षित नोकरी सोडून वकिली आणि वर्तमानपत्र अशी दोन बेभरवशाची कामे एकदम अंगावर घेणे हे तेव्हाच्या आमच्या समाजात धाडसच म्हणावे लागेल.

याच १८६४ सालची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून त्यांच्या यशाचा उलगडा होत नाही. तोपर्यंत इंग्रजी कोर्टांत हिंदु कायदा सांगण्यासाठी शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशाने प्रश्न घालावा, शास्त्र्याने वचनासह उत्तर लिहून द्यावे, अशी रीत होती. त्या वर्षी कायदा होऊन ही शास्त्र्यांची पदे मोडली. यापुढे न्यायाधीश स्वतः पुस्तक पाहून निवाडा देणार. पुस्तके कोणती, तर कोलब्रूक याने १८१० मध्ये केलेले मिताक्षरेच्या दायभागाचे भाषांतर आणि बोरोडेल याने १८२७ मध्ये केलेले मयूखाचे. शास्त्री गेले, भाषांतरे राहिली. ज्यास संस्कृत येत नाही त्याच्या हाती पोथी नाही, आणि ज्यास पोथी येते त्यास कोर्टात उभे राहण्याचा अधिकार नाही, अशी ही स्थिती. मूळ ग्रंथ उघडून ‘भाषांतर येथे चुकले आहे’ असे इंग्रजीत सांगू शकणारा वकील दुर्मिळ होता. मंडलिक नेमके या फटीत उभे राहिले. पुढे १८८४ मध्ये ते सरकारी वकील झाले, तरी त्यांची खरी सनद ही होती.

आता कायदेमंडळाविषयी. त्याच काळी अमेरिकेतही वकिलांचा कायदेमंडळात जाण्याचा ओघ मोठा होता. खेड्यातील तरुण एखाद्या नामांकित वकिलाच्या कचेरीत बसून कायदा वाची, जिल्ह्याच्या कोर्टात नाव मिळवी, प्रांताच्या सभेत निवडून जाई आणि अखेर त्यांच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या कायदेमंडळात पोहोचे. अब्राहाम लिंकन हे इलिनॉय प्रांताचे वकील. १८४७ ते १८४९ ही दोन वर्षे ते असेच प्रतिनिधिसभेत होते. तेथील वकिलास दर दोन वर्षांनी गावच्या लोकांपुढे जाऊन मत मागावे लागे. एखादे भाषण लोकांस न रुचल्यास पुढल्या खेपेस घरी बसावे लागे. आमच्याकडील रचना अगदी उलट होती. १८६१ च्या कायद्याने एतद्देशीयांस कौन्सिलात बसविण्याची सोय झाली. परंतु बसविणार गव्हर्नर, उठविणारही तोच. पुढे मांडलेल्या बिलापुरते बोलावे. सरकारास प्रश्न विचारता येत नसे, जमाखर्चावर चर्चा करता येत नसे. ती मुभा १८९२ मध्ये मिळाली, तेव्हा मंडलिक या जगात नव्हते. लोकांनी निवडून देण्याचा काहीसा अनुभव मुंबईत होता तो कॉर्पोरेशनात. १८७२ च्या कायद्याने तिच्या ६४ सभासदांपैकी ३२ करदात्यांनी निवडावयाचे होते. त्या कॉर्पोरेशनातही मंडलिकांनी दीर्घकाल काम केले. मुंबईच्या कौन्सिलात ते १८७४ मध्ये गेले, आणि १८८४ मध्ये कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कौन्सिलात.

म्हणजे ज्याचा वकील, त्याचे वकीलपत्र नाही! पक्षकार गैरहजर, आणि वकिलाची नेमणूक प्रतिपक्षाने केलेली. अशा ठिकाणी बसून माणसाने काय करावे? मंडलिक बोलत, आणि निर्भीडपणे बोलत, यात शंका नाही. प्रश्न हा की, ते कोणासाठी बोलत. याचे उत्तर त्यांच्या गावच्या आसपासच्या डोंगरात सापडते.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत गावचा सारा सरकारास भरी आणि कुळांकडून धान्य घेई. कोठे अर्धेल म्हणजे निम्मे पीक, कोठे तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा, शिवाय वेठ. कुळाने डोंगर खणून, दगड रचून जमीन केली तरी खोताच्या वहीतील एका ओळीवर तिचे भवितव्य. सरकारने हा संबंध कायद्याने बांधावयाचे ठरविले आणि बरीच वर्षे भवति न भवति होऊन १८८० चा पहिला कायदा म्हणून खोतीचा कायदा मुंबई कौन्सिलात झाला. या वादात मंडलिकांनी खोतांची बाजू हिरिरीने मांडली. जुन्या हक्कांचे दाखले, पेशवाईतील कागद, गावोगावची वहिवाट, हे सर्व त्यांस मुखोद्गत असल्यासारखे होते. त्यांचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी साधारही होते. सरकारचा कटाक्ष कुळांच्या कल्याणापेक्षा आपल्या साऱ्यावरच अधिक होता. तरी आम्हांस हे नमूद केलेच पाहिजे की, त्या दिवाणखान्यात खोतांस मंडलिक मिळाले, सरकारास सेक्रेटरी मिळाले, आणि कुळांस कोणीही मिळाले नाही. अमेरिकेतील एखाद्या सभासदास निदान कुळांची मते मोजावी लागली असती.

मुरुडास आम्ही जेथे उतरलो होतो तेथील वृद्ध यजमानांनी हा विषय निघताच एवढेच म्हटले, “मास्तर, आमच्या आजोबांच्या वेळचा भाताचा कणगा मी रिकामाच पाहिला. कूळकायदा झाला तेव्हा घरात रडारड झाली म्हणतात. पण खरे सांगू? ज्यांच्या हाती जमीन गेली त्यांनी ती पिकविली. आम्ही पिकविली नसती.” आणि त्यांनी आमच्या पानात आणखी आमसुलाचे सार वाढण्यास सांगितले.

त्याच पंक्तीस एक गमतीचा प्रसंग घडला, तो सांगण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. यजमानीणबाईंनी आमच्या कुटुंबास सहज विचारले, “तुमचे माहेर कुठले? लग्नाआधीची ओळख होती का?” आमचे कुटुंब म्हणाले, “ओळख कसली, ह्यांच्या आई म्हणजे माझ्या सख्ख्या आत्या. सासूबाईंना मी जन्मभर आत्याच म्हणत आले.” बाईंनी तोंडावर हात ठेविला. “अगबाई! म्हणजे मामेबहीणच की हो! आमच्यात नाही चालत.” आमच्या देशस्थ मंडळींत, विशेषतः मराठवाड्यात, मामाची मुलगी करणे ही नुसती चालणारी गोष्ट नव्हे, पूर्वी तो मामाचा मानच समजला जाई. कोकणस्थांत ते निषिद्ध. बौधायनाने दक्षिणेकडील ज्या पाच आचारांचा उल्लेख केला त्यांत मातुलकन्येशी विवाह हा एक आहे, आणि उत्तरेकडील लोकांनी तो करू नये असेही तेथेच सुचविले आहे. पुढे माधवाचार्यांनी पराशरस्मृतीवरील व्याख्येत दाक्षिणात्यांची बाजू घेतली. हा वाद दोन हजार वर्षांचा. त्या दिवशी तो सोलकढीच्या वाटीवर पुन्हा झाला इतकेच.

मंडलिकांच्या १८८० च्या ग्रंथाचे मोल येथेच आहे. मूळ संहिता आणि भाषांतर एवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रंथास त्यांनी मोठमोठी परिशिष्टे जोडिली आणि त्यांत जातवार, प्रांतवार चालींची चौकशी मांडली: मामाची मुलगी कोणकोणत्या ज्ञातींत करितात, मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा दत्तक कोठे घेतात, विवाहित पुरुषास दत्तक देतात काय. नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेचे इंग्रजी भाषांतर वाचून इंग्रज न्यायाधीश म्हणत की, ज्याच्या आईशी आपला विवाह होऊ शकला नसता असा मुलगा दत्तक घेता येत नाही. सबब दौहित्र बाद. मंडलिकांचे उत्तर असे की, हा नंदपंडित आमच्याकडे प्रमाण कधी होता? पाहा, अमक्या अमक्या ज्ञातींत दौहित्र दत्तक घेतलेला आहे, त्याचा वंश चालला आहे, श्राद्धे होत आहेत. स्वतः कोकणस्थ असून, स्वतःच्या घरी जे निषिद्ध ते दुसऱ्याच्या घरी शास्त्रसंमत आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केले. पोथीपेक्षा आचार बलवत्तर, हा धडा त्यांनी इंग्रजांस पोथीतूनच दिला. १९५५ च्या विवाहाच्या कायद्यात निषिद्ध नात्यांची यादी घालून पुढे ‘रूढी असल्यास हरकत नाही’ असे जे पुस्तर जोडिले आहे, त्यामुळे आमच्यासारख्यांचे विवाह अबाधित राहिले. त्या तीनचार शब्दांमागे मंडलिकांसारख्यांची मेहनत उभी आहे.

मयूखात आणखी एक लहानसे वाक्य आहे, त्याने मंडलिकांच्या काळी पुष्कळ घरांत धनी बदलले. निपुत्रिक मृताच्या वारसांत पित्याच्या मातेच्या मागोमाग नीलकंठांनी बहिणीस बसविले आहे. मिताक्षरेत बहिणीचे नाव नाही. त्यामुळे गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोकण, जेथे मयूखास अग्रमान होता, तेथे बहीण वरच्या पायरीवर. आमच्या निजामी मुलुखात मात्र मिताक्षरेचे राज्य. पैठणच्या घराण्यातील पंडिताने बहिणीस दिलेली जागा पैठणच्याच बहिणीस न मिळावी, हा दैवदुर्विलास होय. १९२९ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळाने बहिणीस वारसांत घेतले, परंतु तो कायदा ब्रिटिश हद्दीतला; आमची हद्द सप्टेंबर १९४८ पर्यंत निराळी होती. १९५६ मध्ये वारसाहक्काचा सर्वांस एक कायदा झाला. मुलीस जन्मतः मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये दिला.

परंतु तालुक्याच्या कचेरीबाहेरील झाडाखाली तासभर बसून पाहावे. आम्ही मास्तर म्हणून गावचे लोक कागद वाचून घ्यावयास आमच्याकडे येतात, त्यामुळे हे दृश्य आमच्या नित्याचे आहे. भावाच्या मोटारसायकलवरून बहीण येते, नवे लुगडे नेसलेली असते, आणि हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून किंवा सही करून, चहा पिऊन परत जाते. “माहेर तुटू नये” एवढेच तिचे कारण. कायदा कौन्सिलात झाला, आचार बदलला नाही. मंडलिक असते तर त्यांनी ही चालही आपल्या परिशिष्टात जातवार टिपून घेतली असती. तिला प्रमाणही मानिले असते काय, हा विचार आम्हांस मुरुडच्या मुक्कामात सोडीना; कारण जी वहिवाट दुबळ्याच्या सहीवर उभी आहे तिला आचार म्हणावयास आमचे मन घेत नाही.

या शंकेस आधार आहे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, तेव्हा सरकारने यात हात घालू नये असे म्हणणाऱ्यांत मंडलिक प्रमुख होते. पुनर्विवाहाच्या चळवळीसही त्यांचा विरोध होता. त्यांच्या बाजूचा एक मुद्दा आम्हांस आजही निरर्थक वाटत नाही. ज्या सभेत लोकांनी निवडलेला एकही मनुष्य नाही, जिचा प्रत्येक सभासद परकीय सत्तेने बसविलेला आहे, तिने लोकांच्या देवघराचा आणि शेजघराचा कायदा करावा काय? स्वतः त्या सभेत बसलेल्याने हे म्हणणे यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. परंतु खोतीच्या प्रश्नात त्याच सभेत ते जमिनीच्या हक्कासाठी झुंजले होते. शिवाय, आचार श्रेष्ठ मानावयाचा तर नव्याने पडणारा आचारही एके दिवशी जुना होणारच. दौहित्र दत्तक घेणारा पहिला मनुष्य रूढी मोडणाराच होता की नाही? अनेक ज्ञातींत विधवेचा पाट लागतो हे मंडलिकांस उत्तम ठाऊक होते. तेथे त्यांची लेखणी नोंद करून पुढे गेली. नोंदीतून निघणारा प्रश्न तिने विचारला नाही.

तो प्रश्न मुरुडच्याच दुसऱ्या एका घराने विचारला. धोंडो केशव कर्वे हे याच गावचे. मंडलिकांहून पंचवीस वर्षांनी लहान. मुलगा असताना परीक्षेसाठी ते मुरुडाहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परत पाठविले गेले, ही गोष्ट शाळेत आम्ही मुलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. मंडलिक ९ मे १८८९ रोजी वारले. त्यानंतर चार वर्षांनी, १८९३ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापक कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावच्या शाळेसाठी त्यांनी मुरुड फंड उभारिला होता तेच हे गाव. कर्व्यांनी कायदा मागितला नाही, कौन्सिलात गेले नाहीत. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा सदतीस वर्षे पुस्तकात पडून होता, तो त्यांनी स्वतःच्या घरात आणिला. हिंगण्याचा आश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न, हे सर्व वाचकांस ठाऊकच आहे. आज मुरुडास येणाऱ्या पाहुण्यास कर्व्यांचे गाव म्हणून ते दाखवितात. मंडलिकांचे नाव आम्ही काढिले तेव्हा एका तरुण दुकानदाराने नम्रपणे विचारले, “कोण, आजोबा? इथले का ते?”

एवढ्याने मंडलिकांस कमी लेखणे आम्हांस उचित वाटत नाही. मनुस्मृति मेधातिथि, कुल्लूक, सर्वज्ञनारायण, राघवानंद, नंदन आदींच्या टीकांसह त्यांनी १८८६ मध्ये छापली. ती नसती तर आमच्यासारख्या खेड्यातील विद्यार्थ्यास त्या टीका एका ठिकाणी दिसल्या नसत्या. पद्मपुराणाची त्यांनी तयार केलेली आवृत्ति त्यांच्या मागे पुण्याच्या आनंदाश्रमाने काढिली. त्यांचा पोथ्यांचा संग्रह फर्ग्युसन कॉलेजात गेला, म्हणजे कर्वे जेथे शिकवीत तेथेच.

मुरुडाहून निघताना आम्ही सरळ पुण्याची गाडी धरिली नाही. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे खेडे आहे, डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या वाडवडिलांचे गाव ते. बालपणी काही काळ ते दापोलीच्या छावणीत राहिले होते. तेही वकील, १९२७ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात प्रथम सरकारनियुक्त म्हणूनच बसले, आणि पुढे १९३७ मध्ये लोकांनी निवडून दिलेले सभासद या नात्याने त्याच मुंबईत त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही; खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. कायदेमंत्री असताना त्यांनी हिंदु कोडाचे बिल पुढे नेले, त्यासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडिले, आणि त्याच बिलाचे तुकडे होऊन पुढे १९५५-५६ चे कायदे झाले, ज्यांनी मिताक्षरा आणि मयूख यांचा कोर्टातील बराचसा कारभार आटोपला. आंबडव्यास त्यांचे स्मारक आहे. भोवती तेच डोंगर, तेच जांभ्याचे कातळ, तीच दगड रचून केलेली भाताची खाचरे. सकाळी मुरुडाहून निघालेला मनुष्य दुपारपर्यंत तेथे पोहोचतो; दापोलीस आणि मंडणगडास एस्. टी. बदलावी लागते.